नऊ इंची भिंत

बुधवारी संध्याकाळी चहा पिता पिता ज्ञानदीपनं मला सांगितलं की शनिवारी भंगारवाला येणार आहे, माझ्या मशिनांसाठी. विचारलं नाही, सांगितलं.

माझ्या मागच्या खोलीत तेव्हा सात शिलाई मशिनं होती. सगळी जुनी, काळी, बिडाची, एकेक बारा-चौदा किलोचं. तीन माझी, चार गिऱ्हाइकांची. मी मशिनं दुरुस्त करते. सव्वीस वर्षं करतेय. वडील महूला फौजेत मेकॅनिक होते, त्यांच्या हाताखाली शिकले. शहरातल्या भंवरकुआं भागात हॉस्टेलांसमोर मुलामुलींचे कपडे अल्टर करून देणाऱ्या बायका बसतात, त्यातल्या निम्म्यांची मशिनं माझ्याकडे येतात. माझे यजमान चांगदेव गेले तेव्हा ज्ञानदीप अकरावीत होता, आणि त्यानंतर हे घर कशावर चाललं ते त्याला चांगलं माहीत आहे. आता तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि शर्टाला इस्त्री असल्याशिवाय दारातसुद्धा उभा राहत नाही.

"संडेला धम्मदीनाच्या घरचे येताहेत, उज्जैनहून," तो म्हणाला. या मुलीशी त्याचं दोन महिने फोनवर बोलणं चाललं होतं. "घर बघतील ना ते. मागच्या खोलीत पाय ठेवायला जगह नाही, आई. फरशी एकदम क्लिअर पाहिजे."

"फरशी मोकळी झाली की झालं ना?"

"हो."

"मग भंगारवाल्याला नाही म्हणून सांग. मी मशिनं भिंतीवर चढवते."

तो हसला. मला हसणाऱ्यांची सवय आहे. पहिल्यांदा रिक्षात मशीन घालून दुरुस्तीला आणलं तेव्हा अख्खी गल्ली हसली होती.

गुरुवारी मी राजेंद्र नगरच्या चौकातल्या फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदारानं पांढऱ्याशुभ्र फळ्या दाखवल्या. त्या भिंतीला नुसत्या चिकटल्यासारख्या दिसत होत्या, खाली आधार काही नाही.

"देखिए आंटीजी, कितना क्लीन लुक है."

"वजन किती घेते?"

"बीस किलो आराम से."

"पूर्ण फळीवर वीस, की एका जागी वीस? टोकाला ठेवलं तर?"

तो फळी उलटीसुलटी करून बघायला लागला, जणू उत्तर मागे लिहिलेलं होतं. मी बोटानं ठोकून पाहिलं. पोकळ होती. जी फळी आपला आधार लपवते तिच्यावर मी बारा किलो लोखंड ठेवत नसते. नमस्कार केला आणि बाहेर पडले.

तिथून थेट श्रीकृष्णच्या वेल्डिंगच्या दुकानात. त्याला कागदावर काढूनच दिलं. लोखंडी अँगलचे तिकोनी ब्रॅकेट, भिंतीला लागणारी बाजू लांब, खालून तिरपा टेकू, दर सव्वा फुटाला एक. वर इंचभर जाडीची फळी. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या प्लास्टिकच्या गिट्ट्या अजिबात नकोत, सगळीकडे लोखंडी अँकर बोल्ट.

"मावशीजी, एवढं भारी? तिजोरी ठेवायची आहे का?"

"तुम्ही बनवा तर खरं, भिया."

शुक्रवारी दुपारी तो ब्रॅकेट आणि ड्रिल घेऊन आला. मागच्या खोलीत मी पेन्सिलनं खुणा करून ठेवल्या होत्या. ड्रिल सुरू झालं, लाल भुकटी पडायला लागली, आणि मग श्रीकृष्णच्या हातातलं ड्रिल एकदम आरपार गेलं. पलीकडे ज्ञानदीप ओरडला. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. जाऊन पाहिलं तर प्लास्टरचा टवका त्याच्या लॅपटॉपवर आणि भिंतीतून ड्रिलचं टोक बाहेर. मीटिंगमधली माणसं स्क्रीनवरून आमच्याकडे बघत होती.

चूक माझी. दुकानातली फळी मोठ्या ऐटीत ठोकून पाहिली, घरातली भिंत ठोकून पाहायचं सुचलं नाही. सव्वीस वर्षांचा शहाणपणा कुठे गेला होता कोण जाणे.

"ही चार इंचीवाली आहे, मावशीजी," श्रीकृष्ण म्हणाला. "नुसता पडदा. भारी सामान नऊ इंचीवरच टिकणार."

मग आम्ही दोघं घरभर भिंती ठोकत फिरलो. मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती, बोल्ट तिथं धरला नसता. दुसरीला खिडकी. माझ्या झोपायच्या खोलीत पुन्हा पडदाच. राहिली एक, बैठकीची, टीव्ही लावलेली. ठोकल्यावर आवाज कसा भरीव, आणि कोरडी ठणठणीत. दार उघडलं की पहिली तीच दिसते.

"हॉलमध्ये नाही," ज्ञानदीप दारात येऊन म्हणाला.

"का?"

"आई, समझो ना. लोक येणार आहेत."

"म्हणूनच तर फरशी मोकळी करतेय. तूच म्हणालास."

"फरशीचं नाही ते. म्हणजे... दरवाजा उघडल्या उघडल्या हेच दिसणार सगळ्यांना."

श्रीकृष्ण उगाचच ड्रिलची वायर गुंडाळायला लागला. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे अडचण जागेची नव्हतीच. अडचण मी होते. भंगारवाला मशिनांसाठी येणार होता, पण जायचं मला होतं.

"श्रीकृष्ण भिया, टीव्ही उतरवा," मी म्हटलं.

ज्ञानदीप तिथून निघून गेला. आम्ही संध्याकाळपर्यंत काम केलं. पाण्याच्या नळीनं लेव्हल घेतली, भोकांतली माती फुंकून काढली, एकेक बोल्ट मी स्वतः पान्यानं आवळून पाहिला. बाबासाहेबांची तसबीर शेजारच्या भिंतीवर होती तिथेच राहिली. दोन फळ्या, एकीखाली एक. आधी दोघांनी मिळून गव्हाचं पोतं चढवलं आणि तासभर ठेवलं. फळी केसभर वाकली नाही. मग मशिनं, जड ती खालच्या फळीवर, प्रत्येक अगदी ब्रॅकेटच्या वर. गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या ज्ञानदीप म्हणाला काढ, मी काढल्या नाहीत.

शनिवारी भंगारवाल्यानं दारात आवाज दिला. मी त्याला पाणी दिलं आणि रिकामा परत पाठवला. ज्ञानदीप दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

रविवारी सकाळी पाहुणे आले. मुलीचे वडील प्रतापराव, आई शोभनाताई आणि धम्मदीना. जय भीम झालं, बसले. बसल्या बसल्या तिघांचीही नजर भिंतीवर गेली. जाणारच, सात काळी मशिनं समोर रांगेत. मी पोहे आणि जिलबी आणून ठेवली. कुणी काही विचारायच्या आत ज्ञानदीप म्हणाला, "अँटिक पीसेस आहेत ते. आईला शौक आहे कलेक्शनचा. आजकाल कॅफेमध्येपण लावतात ना, विंटेज लुक."

"अच्छा, बढिया," प्रतापराव म्हणाले. "शोपीस म्हणून मस्त वाटतात."

तीन दिवस मी ज्यांना भंगारात जाण्यापासून वाचवलं, त्यांना माझ्या मुलानं एका वाक्यात भंगारात काढलं. भंगारवाल्यानं निदान वजन तरी केलं असतं.

"शोपीस नाहीत," मी म्हटलं. "चालू आहेत सगळी. वरचं डावीकडून तिसरं शालिनीबाईंचं, उद्या न्यायला येणार आहेत त्या. मी मशिनं दुरुस्त करते. रोज, याच घरात. लग्न ठरलं तरी करणार आणि नाही ठरलं तरी करणार. ही भिंत आता अशीच राहील. तुम्हाला पटत असेल तर पुढचं बोलू."

शोभनाताईंनी पदर सारखा केला. धम्मदीना माझ्याकडे बघत नव्हती, ती ज्ञानदीपकडे बघत होती.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात," ती शांतपणे म्हणाली, "आई रिटायर्ड टीचर आहेत."

दोन महिने हा रोज गच्चीत फिरत फोनवर बोलायचा, आणि मला वाटायचं, सांगत असेल आपल्या आईबद्दल. त्या बोलण्यात मी नव्हतेच. माझ्या जागी एक टीचर बसवली होती, नखांत काळं तेल नसलेली. रडू आलं असतं तर आवरलंही नसतं, पण आलं नाही.

"ज्ञानदीप," मी म्हटलं, "शालिनीबाईंचं मशीन खाली घे."

"आई, आत्ता?"

"आत्ता. दोन्ही हातांनी धर, एका हातानं नाही यायचं."

तो उठला. बहुतेक माझ्या आवाजामुळे उठला. इतक्या वर्षांत त्यानं यातलं एकही मशीन कधी उचललं नव्हतं. छातीशी धरलं तेव्हा त्याचे गुडघे जरासे वाकले, आणि इस्त्रीच्या शर्टावर तेलाचा पट्टा उमटला. मी टीपॉयवरच्या बशा बाजूला केल्या. मशीन मधोमध ठेवून तो तिथेच उभा राहिला, धापा टाकत.

"आता यांना सांग," मी म्हटलं. "तुझी आई काय करते."

तो खाली बघतच म्हणाला, "आई शिलाई मशिनं दुरुस्त करते." आवाज इतका बारीक की प्रतापराव ऐकायला पुढे वाकले.

"मोठ्यानं," मी म्हटलं.