थ्रोसलबाईंचं धुणं

देवानं सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, यावर इंग्लंडमधल्या आमच्या मार्केट सॉल्बी गावात कुणाचंच दुमत नव्हतं. सोमवार त्यानं खास कपडे धुण्यासाठी बनवला, हे मात्र बायबलात लिहायचं राहून गेलं, एवढीच आमच्या टॅनर्स रो गल्लीतल्या बायकांची देवाकडे तक्रार होती. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी गुरांचा बाजार, गुरुवारी दुपारनंतर दुकानं बंद, शुक्रवारी मासे, शनिवारी पत्र्याच्या टबात एकाच पाण्यात सगळ्या घराची आंघोळ, आणि रविवारी दोनदा चर्च. एकोणीसशे चोपन्न साली मी नऊ वर्षांची होते. पृथ्वी याच क्रमानं फिरते असं मला वाटायचं.

गल्लीत अकरा घरं, मागे सगळ्यांचं मिळून एक लांबडं अंगण आणि त्यात अकरा दोऱ्या. या राज्याच्या महाराणी म्हणजे चार नंबरच्या थ्रोसलबाई. त्यांचा नवरा पोस्टात होता आणि वारला होता. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान. सोमवारी सकाळी सातच्या आत त्यांच्या चादरी दोरीवर झळकत. आतले कपडे मात्र त्या उशीच्या अभ्र्यात घालून वाळवत. त्यामुळे थ्रोसलबाईंना कमरेखाली काही आहे याचा गल्लीत कुणाकडेच पुरावा नव्हता.

त्या वर्षी मार्चमध्ये, बाजारात गुरं हाकताना, एका गाईनं माझ्या वडिलांच्या पायावर पाय ठेवला. गाईला दोष देण्यात अर्थ नव्हता, तिला नुकतंच विकलं होतं. वडिलांची तीन हाडं मोडली. ते चुलीजवळच्या खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तिथेच राहिले. आईनं मग जॅमच्या कारखान्यात नोकरी धरली. सोमवार ते शनिवार दुपार. शनिवारी दुपारनंतर बंबात आंघोळीचं पाणी तापायचं. उरला रविवार.

पहिल्या रविवारी चर्चच्या घंटा वाजत असताना आईनं वडिलांचे सदरे दोरीवर टाकले. थ्रोसलबाई टोपी घालून चर्चला निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

"मिसेस रडकिन, आज रविवार आहे."

"हो का? मला वाटलं, कुठे आग लागलीय म्हणून घंटा बडवतायत."

त्यावर भांडण झालं नाही. भांडणं परदेशातले लोक करतात. आमच्याकडे खिडकीचा पडदा दोन बोटं सरकतो, पुन्हा जागेवर येतो, आणि त्या दिवसापासून तुम्ही मेलेले असता. भाजीच्या दुकानात आई शिरली की बायका एकदम कोबीचा अभ्यास करू लागत.

सोमवारी संध्याकाळी पाद्री ऑल्सॉप आमच्याकडे आले. वीस मिनिटं ते हवामानावर बोलले. शेवटी म्हणाले, "काल हवा फारच छान होती, नाही?"

"फारच," आई म्हणाली. "कपडे दोन तासांत वाळले."

पाद्रीबाबांनी आणखी एक बिस्किट खाल्लं आणि आमचा आत्मा वाऱ्यावर सोडून ते निघून गेले.

माझं दुःख वेगळं होतं. चर्चच्या रविवारच्या शाळेत माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. नऊ नंबरच्या पिमबाईंची मिरियम तर सगळ्यांसमोर म्हणाली, "हेस्टर, तू नरकात गेलीस तरी कपडे लवकर वाळतील तुझे." मी रडत घरी आले.

"आई, तू सोमवारी धू ना गं! पहाटे उठून धू."

आईचे हात जॅमनं भाजले होते. तिनं ते ॲप्रनला पुसले. "देवाला सोमवारी कपडे चालतात आणि रविवारी त्याच्या डोळ्यांत खुपतात, असं आहे का? त्याला म्हणावं, माझ्या नवऱ्याचा पाय बरा कर, मग मी तुझ्या सोयीनं धुते."

मला तिचा राग आला. महिनाभर मी रविवारी अंगणात पाऊल टाकलं नाही.

जूनमधल्या एका बुधवारी थ्रोसलबाई बाजारात शेणावरून घसरल्या. पडतानाही त्यांनी टोपी वाकडी होऊ दिली नाही, पण मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला. सोमवार आला, त्यांची दोरी रिकामी. दुसरा सोमवार, रिकामी. गल्लीनं माणुसकी दाखवण्यात कसर ठेवली नाही. सूप आलं, फुलं आली, पिमबाईंकडून सुकामेव्याचा केक आला. धुणं मात्र कुणीच मागितलं नाही. एखाद्याच्या दुःखात सहभागी होणं वेगळं, आणि त्याच्या चड्ड्या हातात घेणं वेगळं.

तिसऱ्या शनिवारी आई मला घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी गेली.

"धुणं द्या तुमचं."

"माझं काही धुणं नाही," थ्रोसलबाई म्हणाल्या. त्यांच्या अंगावर जूनच्या उन्हात हिवाळ्यातला लोकरी झगा होता.

"मी फक्त रविवारी धुते. तेही आधीच सांगते."

"मिसेस पिम सोमवारी धुतात."

"त्यांनी विचारलं का?"

थ्रोसलबाईंनी झग्याची बाही प्लास्टरवर ओढली. "त्यांनी केक पाठवला."

"मग केक घाला अंगात," आई म्हणाली आणि वळली.

"थांबा." आतून एक गच्च भरलेली पिशवी आली. वर पावसाळी कोट पसरलेला. "आतले कपडे अभ्र्यात घालून वाळवा."

"अभ्र्यात ते ओलेच राहतात. इतकी वर्षं तुमचे सांधे उगाच नाही दुखत."

रविवारी जोराचा वारा होता. चर्च सुटलं तेव्हा आमच्या दोरीवर फ्लॅनेलच्या गुलाबी, गुडघ्यापर्यंतच्या पाच जंगी चड्ड्या वाऱ्यानं फुगून आरमारासारख्या निघाल्या होत्या. सगळी गल्ली अंगणात थबकली. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. पण थ्रोसलबाई आपल्या मागच्या दारात उभ्या होत्या, एक हात गळ्यात बांधलेला, मान थेट कॉलरपर्यंत लाल. इतकं एकटं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी धावत जाऊन आमची चादर ओढून पुढे घ्यायला लागले. पण माझा हात कुठे पुरतोय!

पिमबाई पुढे आल्या. "मिसेस रडकिन, हे कपडे तुमचे? तुमची चण तर बारीक आहे."

आईच्या तोंडात चिमटे होते. तिनं ते शांतपणे काढले. "माझेच. जाड व्हायचा विचार आहे."

मिरियम खिदळली. मग चार नंबरच्या दारातून आवाज आला.

"माझे आहेत ते."

थ्रोसलबाई अंगणाच्या मधोमध चालत आल्या, चर्चमध्ये पहिल्या बाकाकडे जावं तशा. एका चड्डीचा काठ त्यांनी चांगल्या हातानं चाचपला.

"छान वाळलेत," त्या म्हणाल्या. "आणि मिसेस पिम, तुमचा केक फार कोरडा होता."

क्रांती वगैरे काही झाली नाही. ती फ्रान्समध्ये होते. प्लास्टर निघाल्यावर थ्रोसलबाई पुन्हा सोमवारी धुऊ लागल्या. त्यांची आणि आईची मैत्रीही झाली नाही, पण दुकानात त्या आईला "आज हवा छान आहे" असं मोठ्यानं म्हणत, आणि मग बाकीच्यांनाही कोबी सोडून ते म्हणावं लागे. ऑगस्टमध्ये पिमबाईंनी एका रविवारी दोन टॉवेल "हवा लागावी म्हणून" बाहेर टाकले. रविवारच्या शाळेत माझ्या शेजारी मिरियम येऊन बसली. मी सरकून जागा दिली, पण थोडीच.

सप्टेंबरमध्ये वडील काठी टेकत चालू लागले. जेवताना म्हणाले, "चला, आता तू कारखाना सोडशील."

"नाही, सिरिल," आई म्हणाली. "मला मुकादम करणार आहेत. बटाटा घे."

वडिलांनी बटाटा घेतला. त्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला असावा. कारण पुढच्या रविवारी आई कपडे पिळत होती आणि ते न सांगता टोपली घेऊन लंगडत अंगणात गेले. सदरा उचलून त्यांनी कॉलरच्या दोन्ही टोकांना चिमटे लावले. लगेच चार नंबरची खिडकी धाडकन उघडली.

"खालच्या काठाला लावा, मिस्टर रडकिन! फाशी द्यायचीय का त्याला?"

वडिलांनी सदरा काढला आणि उलटा करून लावला.