शांत डोळा

कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर जी बाई बसायची, तिला सगळ्याजणी कात्रीबाई म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. चुकलेली शिवण दिसली की ती नुसते डोळे वटारायची आणि शिवणारीच्या तोंडचं पाणी पळायचं. आता त्याच डोळ्यांनी दगा दिला होता. डावा लहानपणापासून अधू. उजव्याला आतून वरचेवर सूज येऊन मोतीबिंदू झालेला आणि बाहुली मागच्या भिंगाला चिकटून बसलेली. परवा एक उसवलेली बाही तिच्या हातून पास झाली. मालकीणबाई भल्या, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं, "ऑपरेशन करून या. नजर आली तर टेबल तुमचं. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "करू की. पण आधी डोळा सलग तीन महिने शांत राहायला हवा. मध्येच भडकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

कात्रीबाईने हे फारच मनावर घेतलं. सुनेच्या हातून दूध उतू गेलं, तर म्हणाली, "असू दे गं." नवऱ्याने ओला टॉवेल गादीवर टाकला, तो तिने मुकाट्याने उचलून वाळत घातला. नवरा हादरलाच.

"डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवलं तर नाही ना?" त्याने सुनेला हळूच विचारलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळा पाहिला. "वा! एकदम शांत."

"राहणारच. एकालाही ओरडले नाही."

डॉक्टरीणबाईंना आधी कळेना, मग हसू आवरेना. "अहो काकू, शांत म्हणजे आत सूज नाही! ते काम गोळ्यांनी आणि थेंबांनी केलं. तुम्ही खुशाल ओरडायचं होतं."

"म्हणजे मी फुकट तोंड शिवून बसले?"

सोबत आलेली सून खिडकीबाहेर बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

"बरं, टाके किती घालणार?"

"एकही नाही. जेमतेम दोन मिलिमीटरची चीर, आपोआप मिटते."

हे काही कात्रीबाईला रुचलं नाही. सगळं आयुष्य शिवणीत गेलेलं, टाक्यावाचून काही टिकतं हे तिला पटणार कसं?

ऑपरेशनच्या दिवशी डोळा बधिर केला. वर नुसता उजेड, दुखणं नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "आता चिकटलेली बाहुली सोडवतेय."

"बेतानं ओढा," चादरीखालून आवाज आला, "कापड जुनं आहे."

"काकू, बोलायचं नाही!" नर्स फिस्सकन हसली. क्षणभराने डॉक्टरीणबाईच ओरडल्या, "सुटली! पूर्ण सुटली!" मग गढूळ झालेलं भिंग फोडून शोषून घेतलं आणि घडी घातलेलं नवं भिंग त्याच चिरेतून आत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आधी धुकं, मग समोर सुनेचा चेहरा.

"तुझ्या हनुवटीवर तीळ आहे?" कात्रीबाई म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सून रडायलाच लागली, आणि कात्रीबाईलाही रडू आलं.

सूज पुन्हा आली नाही. दीड महिन्याने नवा चष्मा लावून ती कारखान्यात गेली. मालकीणबाईंनी पुढ्यात पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले वीस पांढरे शर्ट ठेवले. "यातल्या एकात मी मुद्दाम खोट ठेवली आहे. शोधा."

एकेक करत मशिनी थांबल्या. कात्रीबाईने शर्ट उलटसुलट केले आणि दोन बाजूला काढले.

"एकच होता," मालकीणबाई हळहळत म्हणाल्या.

"तुमचा हा, खिसा तिरका. आणि या दुसऱ्यात कॉलरच्या आत तीन टाके सुटलेत."

मालकीणबाई शर्ट घेऊन दाराशी, उजेडात गेल्या. त्यांना काही दिसेना. शेवटी बहिर्गोल भिंग मागवलं आणि त्या मोठ्याने मोजू लागल्या, "एक... दोन..."

"तीन!" सगळा कारखाना एका सुरात ओरडला. मालकीणबाईंनी स्वतः तपासणीच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि आपल्या ओढणीने पुसून तिच्यापुढे केली.