भावजयीची जळजळ

जठरातल्या पेशींना आम्ल सोडायचा हुकूम कोण देतं, हे शिकवण्यात ताईंची उभी हयात गेली होती. त्यामुळे धाकट्या भावाच्या बायकोने जेवणाआधी आम्लपित्ताची गोळी काढली की त्यांना राहवत नसे. एकदा तर भरल्या पंगतीत त्या बोलल्याच.

"किती वर्षं घेतेस गं? नुसती सवय लागलीय. उद्यापासून बंद."

भावजयीने निमूटपणे गोळ्या बंद केल्या. काही दिवसांतच तिच्या छातीत वणवा पेटला. तिने फोन केला, तर ताई हसल्या. "मनाचे खेळ असतात. पोटापेक्षा तुझं डोकंच जास्त जळतंय." पलीकडे भाऊही हसल्याचं त्यांना ऐकू आलं.

पुढच्याच आठवड्यात वर्गात हाच धडा होता.

"गोळी पेशीतला आम्लाचा पंप बंद ठेवते," ताई सांगत होत्या. "आम्ल कमी झालं की गॅस्ट्रिन हा निरोप्या सारखा हाका मारत राहतो. त्या हाकांनी, आम्ल सुटायला लावणारं हिस्टामीन सोडणाऱ्या पेशी वाढतात. अशात गोळी एकदम थांबवली, तर…"

त्यांना भावजयीचा फोन आठवला.

"तर काय, मॅडम?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"आधीपेक्षाही जास्त आम्ल सुटतं. काही आठवडे." त्यांचे कान तापले होते. दरवर्षी हेच वाक्य त्या घोकल्यासारखं म्हणत आल्या होत्या.

तास संपताच त्या भावाचं घर गाठायला निघाल्या. स्वयंपाकघरात भावजयीने घाईने मूठ पाठीमागे नेली.

"एकच घेतली, ताई. सोसवेना. यांना सांगू नका."

चोरी पकडल्यासारखा तो चेहरा पाहून ताईंना तिथे उभं राहणं नकोसं झालं.

"चोरी नाही ती. चूक माझी आहे. गोळी हळूहळू कमी करायची असते. मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो. पण मला तुला बोल लावायची घाई जास्त होती."

भाऊ दारात आला, तेव्हा त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. तो हसला नाही.

डॉक्टरांनी गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या आणि जळजळ शमली. पुढे काही दुखलंखुपलं की भावजय परस्पर डॉक्टरांकडे जाई. ताईंना ते दुसऱ्याच कुणाकडून कळे, आणि मला का नाही सांगितलंस, असं विचारायला त्यांची जीभ कधी उचलली नाही.