मर्वचे कान

मर्व टूही गुरुवारी सकाळी ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात आला आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "मशीन विकतोय मी. शनिवारी बेंडिगोहून गिऱ्हाईक येतंय."

ग्लेनिस खजुराचा केक कापत होती. सुरी केकमध्येच राहिली.

"कुठलं मशीन? गवत कापायचं?"

"ते कोण घेतंय, त्याचं एक चाक मागच्या वर्षीच पडलंय. जमिनीतलं सोनं शोधायचं मशीन." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझे कान गेले, ग्लेन. उगाच ओढून ताणून काय करायचं? मुलगी कधीची मागे लागलीय, जिलाँगला ये म्हणून. तिच्या घरामागे एक खोली आहे. आता जाईन म्हणतो."

"तुझे कान नऊ वर्षांपूर्वीच गेले होते, म्हाताऱ्या. आता नवीन काय झालं?"

"ते तुला माहीत आहे," मर्व म्हणाला.

माहीत होतं. तिच्याइतकं या जगात कोणालाच माहीत नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि गेले सात आठवडे ग्लेनिस पास्कोचा घसा नुसता खवखवत होता.

मर्व शहात्तरचा, ग्लेनिस सदुसष्टची. तिचा नवरा आल्फ गेला त्या वर्षापासून दोघं दर गुरुवारी डनॉली गावाच्या आसपासच्या रानात मशीन घेऊन सोनं शोधत हिंडायची. त्यांचा नियम साधा होता. जमिनीखाली काही बोलतंय असं वाटलं की आधी दुसऱ्याला हाक मारायची. त्यानं आपलं मशीन त्या जागेवर फिरवून बघायचं आणि मगच कुदळ घालायची. निघेल त्यात अर्धं अर्धं. एकट्यानं जाऊन काढलं तर ते ज्याचं त्याचं. नऊ वर्षांत या नियमावरून एकदाही तोंड वाजलं नव्हतं.

मर्वची अडचण अशी, की चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीजवळ उभं राहून त्याचे कान अर्धे झाले होते. हेडफोनचा आवाज मोठा केला की सोन्याचा सूर त्याला पकडता यायचा, किंबहुना धड कानवाल्यांपेक्षा नीट पकडता यायचा. पण मशीन लावणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथली तांबडी माती लोखंडानं भरलेली, आणि रोजची माती वेगळी. काल पाऊस पडून गेला असेल तर आणखी वेगळी. सकाळी मशीनच्या दांड्याच्या टोकाची तबकडी जमिनीवर वरखाली करत मशीनला शिकवावं लागतं, की बाई, ही आजची माती, हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. मग जमीन साधी की जड ते सांगायचं. जड सांगितलं तर मशीन लोखंडाच्या भीतीनं खोलवरचं सोनंही सोडून देतं. मग ताकद किती ठेवायची ते ठरवायचं. आणि शेवटी गुणगुण. मशीन सतत डासासारखं बारीक गुणगुणत राहतं. खोल सोन्यावर ते ओरडत नाही, नुसती ती गुणगुण जराशी वाकते. गुणगुणच बंद असेल तर वाकणार काय, कपाळ?

एवढं बारीक मर्वला ऐकू यायचं नाही. म्हणून दोन्ही मशीन ग्लेनिस लावायची. आधी त्याचं लावून, आवाज मोठा करून ती हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवायची, आणि मग तो कुठल्याही बटणाला बोट लावत नसे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "ग्लेननं लावलंय ना? मग झालं."

आता नाव कोणाचं झालं? मर्वचं. नऊ वर्षांतले पाच मोठे खडे त्याच्याच तबकडीखाली सापडले. पबमध्ये लोक म्हणत, मर्वला सोन्याचा वास येतो. आणि मग ग्लेनिसकडे वळून म्हणत, "तू फराळाचं छान आणतेस हो." ग्लेनिस हसायची. हसण्यावारी नेलेल्या गोष्टी पोटात जाऊन बसतात, आणि तिच्या पोटात नऊ वर्षांच्या बसल्या होत्या.

सात आठवड्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी ती एका घळीत, झुकलेल्या निलगिरीखाली, मर्वचं मशीन लावत होती. तबकडी वरखाली करूनही आवाज बसेना. मातीचा आवाज असता तर दोन मिनिटांत बसला असता. तिनं तबकडी बाजूला नेली, आवाज साफ. परत आणली, गुणगुण वाकली. खाली काहीतरी होतं. खोल, आणि चांगलं मोठं.

मर्व दहा पावलांवर पाठमोरा उभा राहून थर्मासमधून चहा ओतत होता. तिनं तोंड उघडलं. "मर्व" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण मशीन मर्वचं होतं. म्हणजे पबमध्ये हाही मर्वचाच खडा होणार होता, सहावा. तिनं तोंड मिटलं आणि बटणांकडे हात नेला.

मर्व त्या जागेवरून तीनदा गेला. ती बघत होती. तिसऱ्यांदा तर त्याचा पायच तिथं पडला. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली आणि तिनं कोपरभर खोल खणून कोंबडीच्या काळजाएवढा खडा काढला. एकटीनं काढला, नियमानं तिचा. नियम असा कामाला लावताना तिला स्वतःची शिसारी आली, तरी तिनं तो खिशात घातला.

शनिवारी पबच्या टेबलावर तिनं तो ठेवला तेव्हा सगळे उठून आले. मर्व तर सगळ्यांत आधी. त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना बिअर पाजली, आणि मग विचारलं, "कुठं गं मिळाला?"

इथं ती चुकली. म्हणजे आधी केलं ते पाप होतं, ही चूक. कुठलीही दुसरी जागा सांगता आली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला वाटलं, निदान एवढं तरी खरं असू दे. "घळीत. त्या झुकलेल्या निलगिरीखाली."

मर्वचा ग्लास हातातच राहिला. "तिथून तर मी तीनदा गेलो."

"मर्व, नाकाला सर्दी झाली वाटतं!" कोणीतरी ओरडलं, आणि पब हसला. मर्वही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. पुढच्या गुरुवारी त्याची कंबर दुखत होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी पिकअप सुरू होत नव्हती. आणि असं करत करत आज तो मशीन विकायला निघाला होता. खड्यातला अर्धा वाटा तिनं त्याला दोनदा देऊ केला होता. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "तू एकटी होतीस, ग्लेन. नियम म्हणजे नियम."

"आज चल," ती म्हणाली. "एकदाच. नंतर वीक नाहीतर विहिरीत टाक."

"कशाला? मशीनच्या मयताला?"

"केक बांधून घेतलाय मी. माझ्या पिकअपमध्ये बस मुकाट्यानं. वाटेत तुझ्या शेडमधून मशीन उचलू."

तिनं त्याला घळीकडे नेणं शक्यच नव्हतं. गावाच्या उत्तरेला जुन्या खाणकऱ्यांनी उकरून ठेवलेलं रान होतं, तिथं ती गेली. बाभळींना पिवळा बहर आला होता. मर्वनं मशीन तिच्या हातात दिलं आणि नेहमीसारखा पाठमोरा होऊन चहा ओतायला लागला.

तिनं मशीन चालू केलं. सात आठवडे ते त्याच्या शेडमध्ये पडून होतं, आणि त्यानं एका बटणाला बोट लावलं नव्हतं. तिनं जसं ठेवलं होतं तसंच सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. तसंच राहू दिलं, तर मर्व अर्धा तास फिरेल, काही ऐकणार नाही, आणि शनिवारी मशीन विकून जिलाँगला जाईल. ती सुटेल. नीट लावलं, तर त्याला ऐकू येईल, आणि मर्व काही खुळा नव्हता. तो मागे मोजत जाईल आणि त्या गुरुवारपाशी येऊन थांबेल.

तिनं एकेक बटण नीट लावलं, माती शिकवली, आवाज मोठा केला आणि हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले.

"आई गं! केवढ्यानं कोकलतंय!" मर्वनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. मग परत बसवला आणि चालायला लागला.

ती आपलं मशीन घेऊन दुसरीकडे गेली, पण तिचं लक्ष त्याच्याकडेच. वीस मिनिटांनी तो थांबला. मागे आला. तबकडी आडवी फिरवली, उभी फिरवली.

"ग्लेन! इकडे ये. बघ, तुला ऐकू येतंय का."

तिनं तिथं आपलं मशीन फिरवलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा, श्वास रोखून ऐकलं तेव्हा, गुणगुण किंचित हलल्यासारखी वाटली. त्यानं सांगितलं नसतं तर ती इथून पुढे गेली असती.

मर्वनं वीतभर खणलं, मूठमूठ माती तबकडीवरून फिरवली, आणि शेवटी त्याच्या तळव्यावर तांदळाच्या दाण्याएवढं पिवळं सोनं उरलं.

"बघ!" तो लहान पोरासारखा हसला. "बघ की! बहिऱ्यानं काढलं! तुला तरी आलं असतं का ऐकू, खरं सांग?"

"नसतं आलं," ग्लेनिस म्हणाली. तीही हसली. मनापासून हसली, कारण त्याचा चेहरा सात आठवड्यांत प्रथमच त्याचा स्वतःचा दिसत होता.

मग मर्वचं हसू हळूहळू उतरलं. तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि तळव्यावरच्या दाण्याकडे बघत राहिला.

"हे ऐकू आलं," तो म्हणाला. "आणि ते काळजाएवढं नाही आलं."

तिनं आपल्या तबकडीवरची माती पुसली.

"तिथली माती जास्त तांबडी आहे. मशीन गोंधळलं असेल. होतं ना असं?" त्यानं मान वर केली. तो तिला वाट काढून देत होता, आणि आपण वाट काढून देतोय हे त्याला कळत होतं की नाही, ते तिला कळेना. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला आधीच ऐकू आलं होतं. तुझं मशीन लावताना. तुला ऐकू येऊ नये म्हणून मी ते बिघडवून दिलं."

मर्वनं हेडफोन गळ्यात ओढले. "काय केलंस?"

"गुणगुण बंद केली."

त्यानं मान हलवली. "एखाद्या बटणाला हात लागतो चुकून. गडबडीत."

"ताकद अर्ध्यावर आणली."

आता त्याची मान हलली नाही. "आणि?"

"जमीन जड सांगितली."

"एक बटण असतं ना ग्लेन, तर मी चूक म्हटली असती," मर्व म्हणाला. "कशासाठी?"

"सगळे तुझंच नाव घेतात म्हणून." तिला रडू फुटलं. "माझं कोणी घेत नाही म्हणून. मला माफ कर, मर्व. शनिवारच्या गिऱ्हाइकाला फोन कर, येऊ नको म्हण. मी पबमध्ये सगळ्यांसमोर सांगते. तुझ्या मुलीला सांगते. तुला कुठं जायची गरज नाही. तुझे कान चांगले आहेत."

मर्वनं तो दाणा बाटलीत टाकला, बूच लावलं आणि बाटली खिशात ठेवली. त्याला घाई नव्हती.

"सोमवारी घर विकायच्या कागदांवर सही केली मी," तो म्हणाला. "बॅलरॅटचं एक जोडपं आहे. बिचाऱ्यांनी खोल्यांना कुठला रंग द्यायचा तेसुद्धा ठरवलंय." मग तो कुदळीचा आधार घेऊन उठला. तिनं हात पुढे केला होता, तो त्यानं घेतला नाही. "कान चांगले आहेत म्हणतेस. मग आता हे चांगले कान घेऊन मी जिलाँगच्या त्या मागच्या खोलीत काय ऐकत बसू, तेवढं सांग."