नावामागचा पत्ता

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत माझे आयुष्य गेले. कुठल्या गटाचे रक्त शिल्लक आहे, हे विचारणाऱ्याला सांगायचे, एवढेच माझे काम. लोक वेबसाइटचे नाव टाकत. त्या नावामागे माझा पत्ता नोंदलेला असे आणि हाक थेट माझ्यापर्यंत येई. डॉक्टरबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "हा कधी आजारी पडत नाही."

माझी देखभाल करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. ते एकदा म्हणाले, "बाई, आपल्या साइटचं नाव संरक्षण सेवेला जोडून घेऊ. खोट्या हाकांचा लोंढा आला तर हा टिकायचा नाही."

"रक्तपेढीच्या वाटेला कोण जाणार? बघू नंतर," बाई म्हणाल्या. ते राहूनच गेले.

मग एका दुपारी लोंढा आला. एका दमात लाखो हाका, आणि उत्तर ऐकायला पलीकडे माणूस एकही नाही. मी तापलो, अडखळलो, मग मला काहीच कळेनासे झाले. हे कुणी केले, ते आजवर समजले नाही.

संध्याकाळी लोंढा ओसरून मी भानावर येत होतो, तेव्हा एक गृहस्थ धापा टाकत आले. त्यांच्या मुलीला दुर्मिळ गटाचे रक्त हवे होते.

"तुमची साइट उघडेना, फोन सारखा व्यस्त. सगळे दवाखाने पालथे घातले," ते म्हणाले.

पिशवी इथेच होती. ती घेऊन ते धावले. थोड्या वेळाने मुलीचा मामा आला आणि त्याने पिशवी टेबलावर ठेवली. सील तसेच होते.

"दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नावामागचा माझा पत्ता काढून संरक्षण सेवेचा पत्ता घातला. आता सगळ्या हाका आधी तिकडे जातात. खोट्या तिथेच गळतात, खऱ्या तेवढ्या माझ्याकडे येतात. आडवाटेने थेट माझ्याकडे येणाऱ्याला मी दार उघडत नाही. चहा निवायच्या आत काम झाले.

"एवढंच होतं?" बाईंनी विचारले.

"एवढंच," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून लोंढा आला तरी मला फारसे काही जाणवत नाही. कुणी विचारते, मी सांगतो. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर माणसे धावत येतात, त्याची काळजी तो धडधाकट असतानाच घ्या. नंतर घेतलेली काळजीही वाया जात नाही. ती कामी येते, पण दुसऱ्याच कुणाच्या.