ओले केस घेऊन तपासणीला

पाण्यात मला वजन नसतं. पाण्यात मी कोणाची बायको नसते, कोणाची सून नसते, आणि मुख्य म्हणजे पाण्यात मला पोट नसतं. छातीइतक्या पाण्यात उभी राहून मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. तळाच्या निळ्या फरश्यांवर उजेड हलत असतो, आवाज कुठूनतरी लांबून येतात, आणि घाबरलेली माणसं माझ्या तळहातांवर पाठ टेकून हळूहळू सैल होतात. मीही सैल होते.

मग वर्ग संपतो. दुपार कलली की ओटीपोटात डावीकडे कोणीतरी ओला टॉवेल पिळायला घेतं, आणि पिळतच राहतं. डावी मांडी जड होते. संध्याकाळी उभं राहवत नाही, म्हणून मी उशीवर पाय टाकून सोफ्यावर पडते. मुलगी झाल्यापासून हे असंच चालू होतं.

"पाण्यात सूर मारताना बरं दुखत नाही!" सासूबाई म्हणायच्या.

नवरा वाईट नाही. फर्निचर बनवतो, आणि डोळ्यांना दिसेल तेच खरं मानतो. "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत. तू उगाच मनावर घेतेस," असं तो समजुतीनं म्हणायचा, आणि माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

"मनावर कशाला घेऊ? पोटात आहे ते!"

रिपोर्ट नॉर्मल होते हे खरं. बायकांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही, पोटाच्या नाही, पाठीच्या नाही. एकीनं तर सरळ सुट्टीवर जायला सांगितलं. पोट बरोबर नेऊ की घरी ठेवू, हे विचारायचं राहून गेलं. पण या सगळ्यात वाईट म्हणजे माझी मलाच शंका यायला लागली होती. मी नाटक तर करत नाही ना? दुखणं जावं असं वाटायचंच, पण त्याआधी ते घरातल्या एका तरी माणसाला खरं वाटावं, असं फार वाटायचं.

शेवटी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे गेले. माझ्याहून लहान, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. तिनं पोटाला गार जेल लावून सोनोग्राफी केली, पाय दाबून पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच 'काही सापडत नाही' आलं, जे मला आता पाठ झालं होतं. मी उठायला लागले. तेव्हा तिचं लक्ष उशीवरच्या ओल्या डागाकडे गेलं.

"पोहून आलात?"

"हो. सकाळचा वर्ग झाला की मोकळी असते ना. अपॉइंटमेंट नेहमी तेव्हाचीच घेते."

"नेहमी? सगळ्या डॉक्टरांकडे?"

"सगळ्यांकडे."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पाणी चहूबाजूंनी पाय दाबतं, साठलेलं रक्त वर ढकलतं. त्यात इथे येऊन तुम्ही आडव्या पडता. दिवसातली सगळ्यात चांगली वेळ तेवढी आम्हाला दाखवता! एक दिवस पाण्यात उतरू नका. भरपूर उभ्या राहा, आणि संध्याकाळी या. निघताना दोन्ही पायांचा घेर मोजून आणा."

त्या दिवशी मी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले. घरातले सगळे कपडे संपले, मग पडदे काढले. संध्याकाळी नवऱ्यानं गुडघ्यांवर बसून कामाच्या टेपनं माझे पाय मोजले. परत मोजले. "हा टेप जुना झालाय," म्हणत दुसरा आणला. दोन्ही टेपांचं म्हणणं एकच होतं, डावा पाय जाड. तो माझ्याबरोबर दवाखान्यात आला.

डॉक्टरनं यंत्र फिरवलं, पुढच्या तपासण्या केल्या आणि कागदावर काढून दाखवलं. उजव्या पायाची धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते. माझी ती शीर धमनी आणि मणका यांच्यामध्ये दबली होती. "थोडं दबलेलं पुष्कळांचं असतं, त्यांना काही होत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी आधी शिरेच्या आत शिरून बघणार. खरंच अडलं असेल, तरच तिथे जाळीची नळी बसवू."

टेबलावर मला गुंगीचं औषध दिलं. मांडीशी सुई टोचली, मग काहीच टोचेना. छतावरचे दिवे पसरत गेले, आवाज लांब गेले, आणि मी ओळखलं की आपण पाठीवर तरंगतोय, कोणाच्या तरी तळहातांवर. बाजूच्या पडद्यावर माझं रक्त, आत सोडलेल्या औषधानं काळं होऊन, वर निघालं होतं. एका जागी ते अडलं. वाट सापडेना तसं पोटात आडवाटांनी भटकायला लागलं, वेडीवाकडी वळणं घेत, इतक्या वर्षांचं थकलेलं. मला त्याची दया आली.

"इथे बघा. पार चपटी झालीये," डॉक्टर म्हणाली.

मग आत फुगा फुगवला. गुंगीतसुद्धा कळ उठली आणि मी तिला लगेच ओळखलं. तीच ती. नंतर जाळी उघडली, आणि पडद्यावरच्या आडवाटा एकेक करून विरल्या. मधोमध एकच रुंद वाट उरली.

"खरं होतं," मी म्हणाले. जीभ जड झाली होती.

"खरंच होतं," ती म्हणाली. पाणी डोळ्यांतून कानांत गेलं.

थोडे दिवस पाठ दुखली. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या, फेरतपासण्या ठरल्या, पाण्यात उतरायला तूर्त बंदी झाली. सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगत होत्या, "मी म्हणतच होते, काहीतरी आहे." मी हसून सोडून दिलं.

मग एका संध्याकाळी मी ओट्याशी भांडी पुसत होते. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. किती वेळ उभी होते, माझं मलाच कळलं नव्हतं. नवरा दारात येऊन थांबला.

"दुखतंय का गं?"

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. पाय मोजताना नाही, दवाखान्यात नाही. इतक्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. आणि आता काहीच दुखत नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला आणि तितकंच भरूनही आलं.

"नाही," मी म्हणाले. "पण परत एकदा विचार."

त्यानं विचारलं.