पाहुण्यांची चित्रं

त्या गावात पाऊल ठेवल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात अकरा अनोळखी माणसांनी माझं स्वागत केलं. मी मोजली. बसथांब्यावरचा हमाल, कुंड्यांना पाणी घालणारी बाई, भाड्याने सायकली देणारा म्हातारा, सगळे 'या, या' करत हसत होते. बाकांवर चित्रं, कचऱ्याच्या डब्यांवर चित्रं, दिव्याच्या खांबांना विणलेले लोकरीचे झगे. समोर तळं, आणि तळ्याच्या काठाने एकाला एक खेटून चित्रांची दालनं. विनाकारण हसणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. माझं फ्रेमचं दुकान आहे. दुकानात हसत हसत शिरणारं गिऱ्हाईक घासाघीस करणार, हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने लांबूनच कळतं.

बायको मात्र फुलली होती. गावात तिला सगळे ओळखत होते. "अहो, जरा हसा की," ती मला म्हणाली, "इथे दात दाखवायला कर नाही लागत."

सहा वर्षं ती दर वर्षी आठ दिवस एकटी इथे येत होती. तिची सगळी नोकरी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत गेली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. चित्रांचं वेड तिला पन्नाशीनंतर लागलं. मी म्हटलं, लागू दे, घरात कटकट नाही. ती इथे यायची, चित्र काढायची, परत यायची, मी दुकान बघायचो. कधी सोबत आलो नाही. यंदा आलो, कारण ती परत न येण्याच्या गोष्टी करायला लागली होती.

ती जिथे उतरायची त्या घराच्या मालकीणबाईंनी तिला एक खोली देऊ केली होती. तळ्याकडे खिडकी असलेली, कायमची. तिने तिथे राहायचं, चित्रं काढायची आणि सकाळी दोन तास पाहुण्यांना शिकवायचं. उत्तर शनिवारी, प्रदर्शनाच्या दिवशी द्यायचं होतं. "तुम्हीही चला," ती मला म्हणाली होती, पण मी दुकान सोडणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं आणि तरीही ती निघाली होती. मुलीला फोनवर सांगितलं तर ती खो खो हसली. "बाबा, आई पळून चाललीय बघा. या वयात!" मला हसू आलं नाही. ती गेली तर घरात मी आणि भांडी, एवढंच उरणार होतं. तिला परत न्यायचं, या एकाच कामासाठी मी आलो होतो.

गावाची एक पद्धत होती. पाहुण्यांना मंगळवारी सकाळी धक्क्यावर कोरे कॅनव्हास मिळायचे. चार दिवस रंगवायचं. शनिवारी जुन्या होड्यांच्या शेडमध्ये सगळी चित्रं टांगायची आणि दुपारपर्यंत प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका चिकटायचा. ठिपका लागला म्हणजे गावातल्या कुठल्यातरी घराने ते चित्र आपल्या भिंतीसाठी मागून घेतलं. कुठल्या घराने, ते सांगायचं नाही, हा नियम. पाहुण्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळायची: 'तुमचं चित्र आमच्या घरी आहे. आम्ही रोज बघतो.' बायकोकडे अशा सहा चिठ्ठ्या होत्या. कपाटाच्या आतल्या कप्प्यात, मी तिला घेतलेल्या मंगळसूत्राच्या पावतीशेजारी.

मंगळवारी सकाळी धक्क्यावर तिला कॅनव्हास मिळाला. तिने तो माझ्याकडे धरायला दिला आणि रंगांची पेटी उघडायला वाकली. मी तो हातात घेतला आणि लगेच कळलं की काहीतरी गडबड आहे. कोरा कॅनव्हास एवढा जड नसतो. मी कड बघितली. खिळ्यांपाशी पांढऱ्याखाली निळा होता, निळ्याखाली परत पांढरा, त्याखाली तपकिरी. अंगठ्याच्या नखाने खरवडलं तर पांढऱ्याचा चुरा पडला. भिंतीला लावतात तो रंग, पाण्यात कालवायचा. असा माल माझ्या दुकानात कुणी आणला असता तर मी त्याला पायरीवरूनच परत पाठवला असता.

मी कॅनव्हास तिला परत दिला. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा डोकं दुखतंय म्हणून उठलो आणि होड्यांच्या शेडच्या मागच्या बाजूला गेलो.

दार उघडंच होतं. आत पाहुण्यांना शिकवणारा दाढीवाला मास्तर बादलीत मोठा ब्रश बुडवून एका सूर्यास्ताला पांढरा हात मारत होता. पहिला हात वाळलेले पंधरा-वीस कॅनव्हास भिंतीला टेकून उभे होते. मला बघून तो दचकलासुद्धा नाही.

"तुम्ही फ्रेमवाले ना? मग तुमच्यापासून काय लपवायचं," तो म्हणाला. "वर्षाला चारशे चित्रं होतात. घरं दीडशे. टांगायची कुठे? आणि टांगण्यासारखी असतात किती? लोकांना बरं वाटतं, आनंदाने घरी जातात. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या मालकीणबाई लिहितात. थंडीत बसून. अक्षर बदलून बदलून." त्याने ब्रश निथळला. मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या बाईंचं मात्र वेगळं आहे हं. त्यांना खरंच हात आहे. गेल्या वर्षीचं त्यांचं चित्र ठेवू या म्हणून मी भांडलो होतो. पण मालकीणबाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना एक. एकीचं ठेवलं तर बाकीचे विचारणार. म्हणून तर त्यांनी खोली देऊ केली. आजवर दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

असं म्हणून तो जेवायला गेला. मी तिथेच राहिलो.

बायकोला एक सवय आहे आणि ती माझीच. दुकानात येणाऱ्या प्रत्येक चित्राच्या मागे लाकडावर मी पेन्सिलने खूण करतो, तशी तीही करते. बारीक गोल आणि आत वर्ष. मी एकेक कॅनव्हास उलटा करत गेलो. तेराव्याला सापडलं. गेल्या वर्षीचं. पुढून पांढरंफटक होतं.

शेडमध्ये पाण्याचं पिंप होतं. मी फडकं भिजवून पांढऱ्यावरून फिरवलं. तेलरंगावर भिंतीचा रंग धरत नाही, वाळला तरी नुसता बसून असतो. पाच मिनिटांत तो फडक्यावर आला आणि खालचं चित्र वर आलं.

आमचं स्वयंपाकघर होतं. सगळं गाव तळं काढतं, हिने आमचं टेबल काढलं होतं. टेबलावर एक रिकामं ताट, खाऊन झालेलं. समोर दुसरं ताट, वर झाकण. झाकलेल्या ताटामागे खुर्ची, किंचित मागे सरकवलेली, रिकामी. वरून बल्बचा उजेड. बस, एवढंच. मी तीस वर्षांत हजारो चित्रांना काचा बसवल्यात. नामांकित लोकांची, हौशी लोकांची, मंत्र्यांच्या बायकांची. त्यातली चांगली किती, तर दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. हे त्यातलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. त्या झाकणावर वाफेचे थेंब होते आणि ते थेंब गार झालेले होते, हे तिने कसं दाखवलं ते मला अजूनही सांगता येणार नाही.

आणि मग मला राग आला. ती खुर्ची माझी होती. मी दुकानातून उशिरा यायचो, हे तिने कधी तोंडाने बोलून दाखवलं नव्हतं. इथे येऊन, परक्या गावात, सगळ्यांसमोर टांगलं होतं. त्यापेक्षा मोठा राग याचा की चित्र चांगलं होतं. वाईट असतं तर मला काही करावंच लागलं नसतं. ती थकून परत आली असती. एवढं चांगलं काढणारी बाई खिडकीवाली खोली सोडून माझ्या टेबलाशी कशाला येईल?

मी जाऊन तिला बोलावून आणलं. "ये, तुला काहीतरी दाखवायचंय." ती हात पुसत आली, उन्हाने गाल लाल झालेले, मजेत. मी तिला बादली दाखवली. पांढरे कॅनव्हास दाखवले. मागच्या खुणा दाखवल्या. येताना उचलून आणलेला तिचा आजचा कोरा कॅनव्हास तिच्या हातात दिला आणि कड नखाने खरवडून दाखवली. चिठ्ठ्या कोण लिहितं तेही सांगितलं. मी एकही गोष्ट वगळली नाही आणि कुठेही घाई केली नाही. शेवटी तिचं चित्र तिच्यापुढे ठेवलं.

ती उलट्या ठेवलेल्या होडीवर बसली. रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही.

"म्हणजे सहाच्या सहा," ती म्हणाली.

"सहाच्या सहा."

"मग मालकीणबाईंनी मला खोली का दिली?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "सकाळी पाहुण्यांना शिकवायला फुकटचं माणूस हवंय त्यांना," मी म्हटलं. "तू भोळी. तुझ्या गळ्यात घातलं."

तिने मान हलवली. तिला ते पटलं. मग तिने वर बघितलं, आणि ती काय विचारणार हे कळून मला क्षणभर तिथून निघून जावंसं वाटलं.

"अहो, त्यांचं जाऊ दे. ते सगळ्यांनाच छान म्हणतात. तुम्ही सांगा. तुम्ही आजवर कुणाचं खोटं कौतुक केलेलं नाही. माझंही नाही. हे कसं आहे?"

तिचा आवाज अगदी साधा होता, तपासणीचा कागद मागावा तसा. तिच्या आयुष्यात माझ्याएवढी चित्रं पाहिलेला दुसरा माणूस नव्हता आणि माझ्या शब्दावर ती उद्याचा दिवस ठरवणार होती. खरं सांगितलं असतं तर ती खोली घेणार होती. गावाच्या खोटेपणाची तिला मग पर्वाही राहिली नसती.

मी चित्र उजेडाकडे धरलं. जाणकार गिऱ्हाइकासमोर धरतो तसं, थोडं तिरकं. आणि म्हटलं, "हात बसलेला नाही. मांडणी कच्ची आहे. वेळ घालवायला ठीक आहे."

"बरं," ती म्हणाली.

वाद घातला नाही. पुन्हा विचारलंही नाही. माझ्यावर तिचा एवढा विश्वास होता.

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. गोऱ्या, गुबगुबीत, गळ्यात रंगीत मणी. बादली आणि आम्ही, दोन्ही एका नजरेत बघितलं आणि त्यांचं हसू तसूभरही हललं नाही. "अगं, जेवण निवतंय की! आणि शनिवारची वाट कशाला बघायची, आत्ताच 'हो' म्हणून टाक."

"नाही जमणार मला," बायको म्हणाली. "घरी अडचण होते ह्यांची."

मालकीणबाईंनी तिच्या गालाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं, मग पुसलेल्या चित्राकडे, मग परत माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं असावं. एका वाक्यात त्या माझं पितळ उघडं पाडू शकत होत्या. पण वाद करणं त्या गावात बसत नव्हतं. "तुझ्या मनाला येईल तसं कर हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुझं सदैव स्वागत आहे." आणि पाहुण्यांना वाढायला निघून गेल्या.

मी म्हटलं, "चल, सामान भरू. संध्याकाळची बस मिळेल."

"थांबा," ती म्हणाली. "हे असं अर्धवट ठेवून कसं जायचं? कुणीतरी बघेल."

ती उठली. बादलीतला ब्रश घेतला, काठावर निथळला. "तुम्ही चौकट धरा. हलवू नका." मी दोन्ही बाजूंनी धरली. तिने वरच्या कडेपासून सुरुवात केली, शांतपणे, एका रेषेत, पट्टे दिसणार नाहीत असा हात. बल्ब गेला. रिकामं ताट गेलं. झाकण गेलं. नंतर ब्रश थांबला.

"या खुर्चीत तुम्हाला काढणार होते," ती म्हणाली. "चार दिवस खटपट केली. चेहरा येईना. मग म्हटलं, राहू दे रिकामी, येतील."

तेव्हासुद्धा वेळ होती. रंग ओला होता, फडकं माझ्या खांद्यावर होतं, आणि फक्त तोंड उघडायचं होतं. तिने खुर्चीवरून ब्रश फिरवला, एकदा, मग आडवा एकदा, आणि मागे सरून बघितलं.

"झालं ना?" तिने मला विचारलं.

मी बघितलं. "खाली डावा कोपरा राहिलाय," मी म्हटलं, आणि तिला नीट पोहोचावं म्हणून चौकट थोडी वर उचलून धरली.